'एक्स-मेन' चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत?

म्यूटंटांच्या, म्हणजे जन्मतःच अचाट शक्ती लाभलेल्या माणसांच्या, कथा सांगणाऱ्या 'एक्स-मेन' मालिकेतला पहिला चित्रपट जुलै २००० मध्ये प्रदर्शित झाला आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने सुरू केलेल्या या मालिकेतला तेरावा, म्हणजे 'द न्यू म्यूटंट्स', ऑगस्ट २०२० मध्ये आला. मधल्या वीस वर्षांत काही कथा पुढे सरकल्या, काही मागच्या काळात गेल्या, एका कथेने तर आधी घडून गेलेल्या बऱ्याच गोष्टी पुसून टाकल्या, आणि २०२४ साली त्यांत 'डेडपूल अँड वूल्व्हरीन'ची भर पडली. आपल्यापैकी अनेकांनी यांतला एखादा चित्रपट टीव्हीवर मधूनच पाहिलेला असतो, एखादा मित्रांबरोबर चित्रपटगृहात पाहिलेला असतो, आणि कधीतरी सगळे सलग पाहायचे ठरले की पहिला प्रश्न उभा राहतो तो क्रमाचा. शोधायला गेले तर दोन प्रकारच्या याद्या हाती येतात. एक असते प्रदर्शनाच्या वर्षांप्रमाणे, आणि दुसरी असते कथेतल्या घटना ज्या वर्षी घडतात त्या वर्षांप्रमाणे. दुसरी यादी वरवर पाहता अधिक शिस्तशीर वाटते, कारण १९६२ सालची गोष्ट १९८३ सालच्या गोष्टीच्या आधी पाहावी यात तर्काला खटकण्यासारखे काही नाही. तरीही ज्याने ही मालिका पूर्वी पाहिलेली नाही, त्याने प्रदर्शनाचाच क्रम धरावा आणि त्यात थोडीशी काटछाट करावी, असे माझे ठाम मत आहे. त्यामागची कारणे येथे सविस्तर मांडतो. मोठी रहस्ये शक्य तितकी झाकूनच ठेवली आहेत.

चित्रपट लिहिणारा माणूस एक हिशेब सतत मनाशी धरून असतो, तो म्हणजे या क्षणी प्रेक्षकाला काय ठाऊक आहे. प्रत्येक प्रसंगाची लांबी, एखाद्या पात्राचा परिचय किती करून द्यायचा, कोणती गोष्ट सूचित करायची आणि कोणती उघड सांगायची, हे सारे त्या हिशेबावर ठरते. पुढच्या भागात मागच्या काळाची गोष्ट सांगितली, तरी ती सांगितली जाते आधीचे भाग पाहिलेल्या प्रेक्षकाला. म्हणून घटनांच्या तारखांपेक्षा प्रेक्षकाच्या मनात माहिती कोणत्या क्रमाने जमा होते, हे महत्त्वाचे ठरते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण या मालिकेच्या अगदी सुरुवातीला सापडते. २००० सालचा पहिला चित्रपट १९४४ च्या पोलंडमध्ये, एका नाझी छळछावणीच्या फाटकाशी उघडतो. पाऊस पडतो आहे, सर्वत्र चिखल आहे, ज्यू कैद्यांची रांग पुढे ढकलली जात आहे, आणि एका मुलाला त्याच्या आईवडिलांपासून वेगळे केले जाते. मुलगा आक्रोश करत फाटकाकडे हात पुढे करतो, शिपाई त्याला मागे ओढतात, आणि त्याच वेळी फाटकाचे लोखंड त्याच्या दिशेने वाकू लागते. एक शिपाई बंदुकीच्या दस्त्याचा तडाखा देतो, मुलगा कोसळतो आणि प्रसंग संपतो. मुलाचे नाव सांगितले जात नाही, लोखंड का वाकले तेही सांगितले जात नाही. पुढे कथेत मॅग्नीटो येतो, धातूला हवे तसे वाकवतो, मनुष्यजातीवर कणभरही विश्वास ठेवायला तयार होत नाही, आणि तो मुलगा कोण होता हे आपले आपल्यालाच उमगते.

अकरा वर्षांनी, २०११ साली आलेला 'फर्स्ट क्लास' हाच प्रसंग पुन्हा दाखवतो. तोच पाऊस, तेच फाटक, जवळजवळ त्याच चौकटी. पण या वेळी कॅमेरा वर वळतो आणि एका खिडकीत उभा राहून हा प्रकार पाहणारा माणूस दिसतो. तो मुलाला आपल्या कार्यालयात बोलावतो, टेबलावर एक नाणे ठेवतो आणि ते हलवून दाखवायला सांगतो. त्यानंतर त्या खोलीत जे घडते त्यावर संपूर्ण 'फर्स्ट क्लास' उभा आहे, आणि ते नाणे शेवटपर्यंत कथेची साथ सोडत नाही. आता हे दोन चित्रपट उलट क्रमाने पाहिले तर काय होईल, याचा विचार करावा. आधी उत्तर मिळेल आणि मग प्रश्न विचारला जाईल. २००० सालच्या चित्रपटाची सुरुवात, जी मुळात धक्का देण्यासाठी रचलेली आहे, ती आधी पाहिलेल्या प्रसंगाची अपुरी आवृत्ती वाटेल. प्रदर्शनाच्या क्रमाने पाहणाऱ्याला मात्र खिडकीतला तो माणूस दिसताच जाणवते, की जे आपण पूर्ण समजलो होतो ते अर्धेच होते.

वूल्व्हरीनच्या बाबतीतही हेच. पहिल्या चित्रपटात तो कॅनडातल्या एका बारमध्ये पैशांसाठी पिंजऱ्यात मारामाऱ्या करताना भेटतो. त्याला आपले पूर्वायुष्य आठवत नाही. अंगात धातू कोणी भरला, का भरला, याचा पत्ता नाही. घरातून पळून आलेली रोग नावाची मुलगी त्याच्या गाडीत लपते आणि हे दोघे योगायोगाने प्रोफेसर झेवियरच्या शाळेत येऊन पोहोचतात. शाळा, तिथले विद्यार्थी, जगभरातल्या म्यूटंटांचा ठावठिकाणा लावणारे सेरेब्रो हे यंत्र, झेवियर आणि मॅग्नीटो यांची जुनी मैत्री व जुने वैर, यांची ओळख प्रेक्षकाला करून दिली जाते ती या दोन नवख्यांच्या निमित्ताने. या जगात शिरण्याचे दार म्हणूनच तो चित्रपट रचलेला आहे. शेवटी झेवियर वूल्व्हरीनला अल्कली लेक या ठिकाणाचा धागा देतो आणि २००३ सालच्या दुसऱ्या चित्रपटात तो धागा कर्नल स्ट्रायकरपर्यंत नेऊन पोहोचवतो. हे सगळे कुतूहल ज्या गोष्टीवर टिकून आहे, ती गोष्ट, म्हणजे त्याची स्मृती कशी गेली, २००९ सालच्या 'ओरिजिन्स: वूल्व्हरीन'मध्ये सरळ उलगडून दाखवली आहे. घटनांच्या वर्षांप्रमाणे लावलेली यादी हा चित्रपट आधी पाहायला लावते, आणि मग पुढचे दोन चित्रपट भर आपल्याला आधीच ठाऊक असलेली गोष्ट नायक शोधत बसलेला दिसतो.

लहानसहान जागांचे नुकसान होते ते वेगळेच. 'फर्स्ट क्लास'मध्ये तरुण झेवियर आणि एरिक, म्हणजे पुढचा मॅग्नीटो, म्यूटंटांना गोळा करत फिरत असताना एका बारमध्ये पाठमोऱ्या बसलेल्या माणसापाशी जातात, आणि तो एका शिवीत त्यांची बोळवण करतो. तो माणूस म्हणजे वूल्व्हरीन साकारणारा ह्यू जॅकमन आहे. आधीचे चित्रपट पाहिलेल्याला त्या काही सेकंदांत जो आनंद मिळतो, तो पहिल्यांदाच या मालिकेकडे आलेल्याला मिळणे शक्य नाही. त्याला प्रश्न पडेल की हा कोण, आणि याला एवढे महत्त्व देऊन का दाखवले.

आता या मालिकेतल्या खऱ्या गुंत्याकडे येतो. येथवरची कारणे कोणत्याही दीर्घ मालिकेला थोड्याफार फरकाने लागू पडतील. मार्व्हल स्टुडिओजची जी दुसरी मालिका २००८ साली 'आयर्न मॅन'पासून सुरू झाली, तिच्यातही 'कॅप्टन मार्व्हल' १९९५ सालात घडतो, पण त्याच्या श्रेयनामावलीत येणारा प्रसंग २०१८ साली आलेल्या चित्रपटाच्या शेवटानंतरचा आहे. तिथे घटनाक्रमाने पाहण्यात रस कमी होतो, पण बहुतांश चित्रपट तरी एका ओळीत लावता येतात. 'एक्स-मेन'मध्ये अशी एकच ओळ मुळात अस्तित्वातच नाही.

याचे कारण २०१४ सालचा 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट'. या चित्रपटाची सुरुवात २०२३ सालच्या उद्ध्वस्त जगात होते. सेंटिनल नावाचे यंत्रमानव म्यूटंटांना वेचून ठार मारत आहेत आणि जिवंत राहिलेले मोजके लोक शेवटचा उपाय म्हणून वूल्व्हरीनचे मन १९७३ सालच्या त्याच्याच शरीरात पाठवतात. ज्या घटनेतून हा संहार सुरू झाला, ती घटना त्याने घडू द्यायची नाही, अशी कामगिरी आहे. मूळ कथा ख्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न यांच्या १९८१ सालच्या कॉमिकमधली असून तिथे भूतकाळात जाते ती किटी प्राइड ही म्यूटंट मुलगी. चित्रपटात किटी पाठवणारी झाली आणि जाणारा वूल्व्हरीन. हा बदल मला अतिशय योग्य वाटतो. कथेत त्याचे कारण असे दिले आहे की एवढ्या लांबच्या प्रवासाचा आघात सोसून पुन्हा सावरणारे मन त्याच्याच जवळ आहे. शिवाय तो वयाने थकत नसल्यामुळे दोन्ही काळांत तोच अभिनेता शोभतो, आणि पहिल्या चित्रपटापासून प्रेक्षक ज्याच्या सोबत चालत आला, तोच त्याला या वळणावर घेऊन जातो.

१९७३ मध्ये जे बदलते त्यामुळे त्यानंतरचा सगळा इतिहास बदलतो. म्हणजे १९७३ पर्यंतचा काळ दोन्ही इतिहासांना सामाईक, आणि तिथून पुढे दोन फाटे. पहिल्या फाट्यावर 'ओरिजिन्स', २०००, २००३ आणि २००६ चे तीन चित्रपट आणि २०१३ चा 'द वूल्व्हरीन' आहेत. दुसऱ्या फाट्यावर १९८३ मध्ये घडणारा 'अपोकॅलिप्स' आणि १९९२ मध्ये घडणारा 'डार्क फिनिक्स'. कल्याणला लोहमार्ग फुटतो आणि एक कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे जातो. आता कसाऱ्याकडची शहाड व आंबिवली आणि कर्जतकडची विठ्ठलवाडी व उल्हासनगर ही स्थानके केवळ अंतर पाहून एकाच यादीत मिसळली, तर त्या यादीप्रमाणे धावणारी एकही गाडी सापडणार नाही. घटनांच्या वर्षांप्रमाणे लावलेल्या 'एक्स-मेन'च्या याद्या नेमके हेच करतात. त्या 'डार्क फिनिक्स'नंतर २००० सालचा चित्रपट पाहायला सांगतात, आणि १९९२ सालच्या कथेत ज्याचा मृत्यू झालेला आपण पाहिला ते एक प्रमुख पात्र पुढच्याच चित्रपटात काहीही न घडल्यासारखे वावरताना दिसते. प्रेक्षकाला वाटते की आपलेच काहीतरी पाहायचे राहिले. वास्तविक त्याचे काहीच राहिलेले नसते; यादीने त्याला मधेच एका इतिहासातून दुसऱ्या इतिहासात टाकलेले असते.

शिवाय २००० सालचा चित्रपट आपले वर्ष सांगतच नाही. छावणीच्या प्रसंगानंतर पडद्यावर अक्षरे येतात ती 'नजीकच्या भविष्यात' एवढ्याच अर्थाची. त्यामुळे काटेकोर कालक्रम लावू पाहणाऱ्याला मालिकेच्या मूळ चित्रपटाचे वर्ष अंदाजानेच धरावे लागते.

फाटे समजून घेतल्यावरही काही विसंगती उरतात आणि त्या सुटत नाहीत. पहिल्या चित्रपटात झेवियर सांगतो की सतराव्या वर्षी त्याची एरिकशी भेट झाली; 'फर्स्ट क्लास'मध्ये ती १९६२ साली, दोघेही चांगले जाणते झाल्यावर होते. सेरेब्रो उभारायला एरिकने मदत केली असे आधी सांगितले जाते, पुढे ते झेवियरचा सहकारी हँक मॅकॉय याने बनवलेले दिसते. २००६ च्या 'द लास्ट स्टँड'च्या सुरुवातीला, वीस वर्षांपूर्वीच्या प्रसंगात, झेवियर आपल्या पायांवर चालत एका घरात शिरतो, आणि 'फर्स्ट क्लास' मात्र त्याला १९६२ मध्येच चाकांच्या खुर्चीत बसवतो. 'द वूल्व्हरीन'मध्ये नायकाची धातूची नखे तुटतात आणि हाडांची उरतात, तर पुढच्या चित्रपटातल्या भविष्यकाळात ती पुन्हा धातूची आहेत, याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. यांतल्या प्रत्येक गोष्टीसाठी चाहत्यांनी स्पष्टीकरणे रचली आहेत, पण नव्या प्रेक्षकाने त्यांत शिरू नये.

विसंगती का राहिल्या हे कळले की त्यांचा त्रास कमी होतो. ही मालिका एका आराखड्यातून निघालेली नाही. पहिले दोन चित्रपट ब्रायन सिंगरने केले, तिसरा ब्रेट रॅटनरने. त्यानंतर एकेका पात्राचा पूर्वेतिहास सांगणारे 'ओरिजिन्स' नावाचे चित्रपट काढायचा बेत होता. वूल्व्हरीनचा निघाला, मॅग्नीटोचाही योजला होता, पण तो झाला नाही आणि त्याऐवजी मॅथ्यू व्हॉनने 'फर्स्ट क्लास' दिग्दर्शित केला. प्रत्येक टप्प्यावर नव्या माणसांनी जुन्यातले जे सोयीचे वाटले ते ठेवले आणि अडचणीचे सोडून दिले. 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट'मधला इतिहासबदल कथेला जितका उपयोगी पडला, तितकाच हा साचलेला गोंधळ मार्गी लावायलाही पडला. प्रदर्शनाच्या क्रमाने पाहणाऱ्याला ही घडण डोळ्यांसमोर दिसते. विसंगती आली तरी ती नव्या लेखकाने घेतलेले वळण म्हणून लक्षात येते आणि प्रेक्षक पुढे जातो.

तर प्रत्यक्षात पाहायचे कसे? २००० चा 'एक्स-मेन' आणि २००३ चा दुसरा भाग यांनी सुरुवात करावी. मालिकेचा पाया या दोहोंतच आहे आणि दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा सरस वाटतो. 'द लास्ट स्टँड' दुबळा आहे, तरीही तो टाळू नये, कारण वूल्व्हरीनच्या पुढच्या आयुष्यावर जी छाया आहे ती तिथूनच पडते आणि 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट'च्या शेवटाला जे मोल आहे ते या तीन चित्रपटांतल्या माणसांशी आपली ओळख झालेली असल्यामुळेच आहे. नामावली संपेपर्यंत तो बंद करू नये. अगदी शेवटी एक छोटा प्रसंग आहे आणि तो न पाहिल्यास पुढे एका व्यक्तीचे दिसणे अनाकलनीय वाटेल. घरी पाहताना हे विशेष सांभाळावे लागते, कारण नामावली सुरू होताच अनेक ॲप आपोआप दुसऱ्या चित्रपटाकडे नेतात.

'ओरिजिन्स: वूल्व्हरीन' सोडून दिला तरी चालेल. ज्याला पाहायचाच असेल त्याने तो 'द लास्ट स्टँड'नंतर, त्याच्या मूळ जागी पाहावा. त्याआधी मात्र मुळीच नाही. मग 'फर्स्ट क्लास', आणि त्यानंतर जेम्स मॅनगोल्डचा 'द वूल्व्हरीन'. हा जपानमध्ये घडणारा चित्रपट तसा स्वतंत्र आहे, पण त्याच्या नामावलीत येणारा विमानतळावरचा प्रसंग थेट 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट'चे दार उघडतो, म्हणून तो त्याच्या लगेच आधी असलेला उत्तम. 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट'पाशी दोन्ही पिढ्यांचे कलाकार एकत्र येतात आणि तोवर पाहिलेल्या सगळ्याच चित्रपटांचा उपयोग होतो.

येथे एक विश्रांती घेता येते. 'अपोकॅलिप्स' आणि 'डार्क फिनिक्स' हे दुसऱ्या फाट्यावरचे चित्रपट ज्याला तरुण झेवियर व एरिक यांची सोबत हवी असेल त्याने पाहावेत. मला ते दोन्ही आधीच्या तोलाचे वाटत नाहीत. १९६२ पासून १९९२ पर्यंत तीस वर्षे उलटूनही या दोघांच्या भूमिका करणाऱ्या जेम्स मॅकॅव्हॉय आणि मायकल फासबेंडर यांच्या चेहऱ्यांवर त्या काळाची खूण जवळजवळ दिसत नाही, आणि मग वर्ष बदलल्याची पाटी नुसती पाटीच राहते. 'डार्क फिनिक्स'ची कथा ज्या कॉमिकवर आधारलेली आहे, त्यावरच 'द लास्ट स्टँड'ही बेतलेला होता, आणि सायमन किनबर्ग दोन्हींच्या लेखनात होता. म्हणून हे दोन चित्रपट लागोपाठ पाहिले तर तीच कथा दुसऱ्यांदा ऐकल्यासारखे होते. 'द न्यू म्यूटंट्स' बाजूला ठेवला तरी काही अडत नाही.

'लोगन' मात्र चुकवू नये. २०१७ साली आलेला आणि २०२९ मध्ये घडणारा हा चित्रपट कोणत्या फाट्यावर बसतो, याची चर्चा करत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. त्याला हवी असते ती एवढीच तयारी, की वूल्व्हरीन आणि झेवियर ही दोन माणसे आपल्या मनात दीर्घकाळ वसलेली असावीत. थकलेला, जखमा पूर्वीसारख्या भरून न येणारा लोगन, म्हणजेच वूल्व्हरीन, आपल्या म्हाताऱ्या गुरूला उचलून पलंगावर ठेवतो, त्याला औषधाची आठवण करतो, त्याच्यावर वैतागतो आणि तरीही त्याला सोडून जात नाही. हा प्रसंग पहिल्यांदाच पाहणाऱ्यालाही भिडेल. पण २००० साली चाकांच्या खुर्चीतून शांतपणे या उद्धट पाहुण्याचे स्वागत करणारा झेवियर ज्याने पाहिला आहे, त्याला तो फार वेगळा दिसतो.

'डेडपूल'चे दोन चित्रपट, २०१६ आणि २०१८ चे, यांच्या कथेला मुख्य मालिकेची गरज अत्यंत कमी आहे. त्यांतले विनोद मात्र सतत मुख्य मालिकेवर बेतलेले असतात; पहिल्या भागात तर झेवियर कोणता, तरुण मॅकॅव्हॉयचा की वयस्क पॅट्रिक स्टुअर्टचा, असा प्रश्न डेडपूल स्वतःच विचारतो आणि कालरेषांचा गोंधळ होतो अशी तक्रारही करतो. म्हणून 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट'नंतर ते केव्हाही पाहता येतील. २०२४ च्या 'डेडपूल अँड वूल्व्हरीन'ला मात्र एक अट आहे. त्याचा पहिलाच प्रसंग 'लोगन'च्या शेवटावर उभा आहे, तेव्हा 'लोगन' पाहण्याआधी तो लावला तर सुरुवातीच्या काही मिनिटांतच एका उत्कृष्ट चित्रपटाचा शेवट कळून बसेल.

कालक्रमाने पाहण्याची हौस असेल तर ती दुसऱ्या वेळी जरूर भागवावी, आणि त्या वेळी एकच फाटा धरावा: 'फर्स्ट क्लास', मग २०००, २००३, २००६ चे तीन, 'द वूल्व्हरीन' आणि शेवटी 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट'. अशा पाहण्यात तरुणपणी बुद्धिबळाच्या पटाशी बसून वाद घालणारे दोघे, पुढे एक कैदी आणि दुसरा भेटीला आलेला पाहुणा होऊन, प्लास्टिकच्या तुरुंगात पुन्हा पटाशी बसलेले दिसतात, आणि पहिल्या वेळी नुसता समारोप वाटलेला तो प्रसंग जास्त काही सांगून जातो.

घरातली मुले सोबत पाहणार असतील तर एक गोष्ट आधी ठरवावी लागते. 'लोगन' आणि डेडपूलचे तिन्ही चित्रपट प्रौढांसाठीचे आहेत, त्यांत रक्तपात व शिवीगाळ मोकळेपणाने आहे. मुलांबरोबरचा क्रम 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट'पाशी थांबवावा. तिथे पहिल्या चित्रपटापासून चालत आलेली कथा पूर्ण होते, आणि 'लोगन' मुले मोठी झाल्यावर पाहिला तरी त्यांचे काही बिघडत नाही.